दोन नावं, एकच पोपट: एक्लेक्टसच्या शंभर वर्षांच्या चुकीतून काय शिकायचं

समजा, तुमच्यासमोर टेबलावर दोन पोपट ठेवलेत. जिवंत नाहीत. कापूस भरलेले, पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेले, संग्रहालयात ठेवतात तसे नमुने. पहिला हिरवागार, पंखाखाली कुशीत लाल पिसं, वरची चोच पिवळसर नारिंगी. दुसरा डोक्यापासून शेपटीपर्यंत लाल, छाती-पोटावर निळा-जांभळा रंग, चोच काळी. चिठ्ठीवर बेटाचं नाव आहे. नर की मादी, ते लिहिलेलं नाही. प्रश्न एवढाच: या जाती किती?

मला विचाराल तर मी बेधडक 'दोन' म्हटलं असतं. तुम्हीही बहुतेक तेच म्हणाल. आणि आपण एकटे नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८७४ पर्यंत युरोपातल्या नामवंत पक्षीतज्ज्ञांनी हेच उत्तर दिलं. ते चुकीचं होतं. हिरवा तो नर आणि लाल ती मादी. जात एकच: एक्लेक्टस पोपट. मोलुक्का बेटं, न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि ऑस्ट्रेलियाचं उत्तरेकडचं टोक हा त्याचा मुलूख.

गंमत म्हणजे आपल्याकडे याच्या बरोब्बर उलट घडलंय. आपल्या गाण्यांत आणि गोष्टींत राघू आणि मैना यांची जोडी असते. राघू पोपट, मैना साळुंकीच्या कुळातली. म्हणजे आपण दोन वेगळ्या पक्ष्यांचं लग्न लावून दिलं, आणि युरोपातल्या शास्त्रज्ञांनी एका नांदत्या जोडप्याचा काडीमोड करून टाकला. आपली चूक गाण्यापुरती होती, कुणाचं काही बिघडलं नाही. त्यांची चूक मात्र कॅटलॉगमध्ये गेली आणि तिथे जवळजवळ शंभर वर्षं राहिली.

पेटची तयारी करणाऱ्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या तुमच्यासारख्यांसाठी ही गोष्ट मला मुद्दाम सांगायचीय. कारण ही मूर्ख माणसांची गोष्ट नाही. हुशार, कष्टाळू माणसं नीट निरीक्षण करूनही चुकतात कशी, आणि मग त्यातून बाहेर कशी पडतात, याची ही गोष्ट आहे.

नावं कशी पडली

अठराव्या शतकात मोलुक्का बेटांवरून युरोपात मसाले यायचे. लवंग, जायफळ, जायपत्री. त्याच वाटेने पोपटही यायचे, काही पिंजऱ्यात जिवंत, काही मेलेले आणि पेंढा भरलेले. हा माल व्यापाऱ्यांच्या, खलाशांच्या हातांतून फिरत फिरत हौशी श्रीमंतांच्या संग्रहात पोचायचा. तो मूळचा कुठला, झाडावर बसला होता की घरट्यात, सोबत कोण होतं, हे सगळं वाटेतच गळून जायचं. नाव ठेवणाऱ्याच्या हातात उरायची फक्त पिसं.

पिसांवरून नावं पडू लागली. १७७६ मध्ये जर्मन निसर्गअभ्यासक म्यूलर याने 'रोरॅटस' हे नाव दिलं, म्हणजे दंवाने भिजलेला. १७८६ मध्ये स्कोपोली याने 'पॉलिक्लोरोस' असं नाव दिलं. याचा अर्थच 'पुष्कळ हिरवा', तेव्हा त्याच्यासमोर काय होतं हे वेगळं सांगायला नको. १७८८ मध्ये ग्मेलिनने 'ग्रँडिस' हे नाव पुस्तकात आणलं, आणि पुढे लाल पक्षी याच नावाने ओळखला जाऊ लागला. १८३२ मध्ये वाग्लरने या पोपटांचा वेगळा गट करून त्याला 'एक्लेक्टस' म्हटलं. त्यानंतर बेटागणिक नवे नमुने येत राहिले आणि नावांची यादी लांबत गेली. हिरव्यांची वेगळी आणि लालांची वेगळी.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. प्रत्येक नव्या नावाने आधीच्या चुकीला बळ दिलं. दुसऱ्या बेटावरून थोडा वेगळा लाल पक्षी आला की तो आधीच्या लाल पक्ष्याशेजारी ठेवून बघायचा, हा रिवाजच पडला. तो हिरव्याशेजारी ठेवून बघायचं कुणाला सुचणार? खण आधीच वेगळे झाले होते.

चूक इतकी का टिकली

वर्गात ही गोष्ट सांगितली की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "एवढं साधं कसं कळलं नाही?" म्हणून जरा त्यांच्या बाजूने विचार करून बघू. तेव्हाच्या माहितीवर 'दोन जाती' हे उत्तर चांगलं तर्कशुद्ध होतं.

एक तर पोपटांत नर-मादी बहुधा सारखेच दिसतात, किंवा फरक असला तर थोडाच असतो. आपल्या नेहमीच्या पोपटात नराच्या गळ्यात कंठ असतो, मादीला नसतो. तुईया पोपटात नराचं डोकं जांभळट लाल, मादीचं राखाडी. पण बाकीचं अंग हिरवंच. डोक्यापासून शेपटीपर्यंत रंगच बदलावा, असा नमुना कुणी पाहिला नव्हता.

दुसरं म्हणजे नर-मादीत फरक असला की भडक रंग नराचा, हा सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला नियम. मोर घ्या, कोंबडा घ्या. इथे मात्र दोघंही झगमगीत, आणि उलट मादीच जास्त उठून दिसणारी. म्हणजे लाल पक्ष्याकडे बघून 'ही कुणाची तरी मादी असेल' असा संशय यायलाही जागा नव्हती.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बऱ्याच पक्ष्यांत पिल्लं आणि कोवळे नर आईसारखे दिसतात आणि मोठे होताना हळूहळू बापाचा रंग घेतात. असा अर्धा-अर्धा रंगलेला कोवळा पक्षी हातात आला की कोडं आपोआप सुटतं. एक्लेक्टसने ही सवलत दिलीच नाही. त्याच्या पिल्लांना घरट्यातच पिसं फुटतात ती नराला हिरवी आणि मादीला लाल. मधली पायरीच नाही. हजार नमुने गोळा केलेत तरी हिरवा आणि लाल यांना जोडणारा एकही दुवा सापडणार नाही.

चौथं कारण साधं, पण तुमच्या-माझ्या कामाचं. पक्ष्याचं लिंग खात्रीने कळायला तेव्हा एकच उपाय होता. कातडी सोलताना पोट उघडायचं आणि वृषण आहेत की अंडाशय ते बघायचं. हे ताज्या पक्ष्यावर, जागेवरच करावं लागतं आणि तेव्हाच चिठ्ठीवर लिहावं लागतं. कातडी वाळली आणि आतडी फेकली की ती माहिती कायमची गेली. मग जगातलं कितीही मोठं संग्रहालय असू दे, ते तुम्हाला सांगू शकत नाही.

हे सगळं आल्फ्रेड रसेल वॉलेसच्या उदाहरणावरून छान दिसतं. १८५४ ते १८६२ या काळात वॉलेस मलाय द्वीपसमूहात फिरला. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी १,२५,६६० नमुने जमवले, त्यांत ८,०५० पक्षी. सारावाकमधून त्याच्यासोबत आलेला अली नावाचा तरुण त्यांतले कितीतरी पक्षी मारून, सोलून तयार करायचा. नमुना नेमका कुठल्या बेटावरचा याबद्दल वॉलेस कमालीचा काटेकोर होता. त्या काटेकोरपणातूनच आशिया आणि ऑस्ट्रेलिया यांच्या प्राण्यांमधली ती प्रसिद्ध वॉलेस रेषा निघाली. मलाय प्रदेशातल्या पोपटांवर त्याने १८६४ मध्ये स्वतंत्र निबंधही लिहिला. तरीही लाल आणि हिरवे त्याने वेगळ्याच जातींत ठेवले. खरं तर पुरावा त्याच्या आवडीच्या ठिकाणीच होता, नकाशावर. ज्या ज्या बेटावर लाल, त्या त्या बेटावर हिरवा. पण एका बेटावर दोन-चार जातींचे पोपट असणं त्या भागात काही नवलाचं नव्हतं, त्यामुळे जोडी डोळ्यांसमोर असून दिसली नाही.

भाषांतरकार जंगलात जातो

हे कोडं सोडवणारा माणूस आडोल्फ बर्नहार्ड मायर. १८४० मध्ये हॅम्बुर्गमध्ये जन्मलेला. न्यू गिनीला जायच्या आधी याने काय केलं होतं ठाऊक आहे? वॉलेसचं भाषांतर. 'द मलाय आर्किपेलागो' हे वॉलेसचं प्रवासवर्णन १८६९ मध्ये इंग्रजीत आलं आणि त्याच वर्षी मायरचं जर्मन भाषांतरही. पाठोपाठ १८७० मध्ये वॉलेसच्या नैसर्गिक निवडीवरच्या निबंधांचंही जर्मन भाषांतर त्यानेच केलं.

भाषांतर करताना माणूस मजकूर जितका बारकाईने वाचतो तितका इतर कुणी वाचत नाही, हे माझं मत आहे. मी स्वतः दोन-तीन शोधनिबंधांचा मराठीत सारांश करायला बसले तेव्हाच कळलं, की एरवी आपण किती वाक्यांवरून नुसते घसरत जातो. मायर हे पुस्तक शब्दाशब्दाने वाचून मग त्याच बेटांकडे निघाला. १८७० ते १८७३ या काळात तो सेलेबेस, फिलिपिन्स आणि न्यू गिनी असा फिरला.

न्यू गिनीच्या बाजूला त्याने एक्लेक्टसही जमवले. आणि इथे त्याने जे केलं त्यात चमकदार असं काहीच नाही. आपल्या नमुन्यांची लिंगं एकत्र मांडून बघितली. हिरवे होते ते सगळे नर निघाले. लाल होत्या त्या सगळ्या माद्या.

बास. एवढंच. आता तुम्ही संख्याशास्त्र शिकलेले आहात, तेव्हा जरा विचार करा. दोन स्वतंत्र जाती असत्या, तर प्रत्येक जातीत ढोबळमानाने निम्मे नर आणि निम्म्या माद्या मिळायला हव्यात. समजा फक्त दहाच हिरवे पक्षी मिळाले, तर दहाच्या दहा नर निघण्याची शक्यता किती? एक हजार चोवीसात एक. वर लाल पक्ष्यांच्या बाबतीत तसंच उलट घडण्याची शक्यता तितकीच कमी. दोन्ही एकदम घडायचं म्हणजे दहा लाखांत एकदा. काय-वर्ग चाचणी तेव्हा जन्माला यायची होती, पण हा तर्क करायला चाचणीची गरज नव्हती. दोन रकाने शेजारी-शेजारी ठेवायची गरज होती.

१८७४ मध्ये मायरने हे जाहीर केलं. त्याच वर्षी तो ड्रेस्डेनच्या संग्रहालयाचा प्रमुखही झाला. सगळ्यांना लगेच पटलं असं नाही. शंका रास्त होती: आजवर ज्यांना दोन जाती म्हणून वर्णिलं, चित्रं काढली, खणांत लावलं, ते सगळं एका प्रवाशाच्या सांगण्यावरून मोडायचं? पण हा दावा तपासणं सोपं होतं. पुढचा जो कुणी त्या बेटांवर जाईल त्याने पोट उघडून बघावं. चुकीचा असता तर एक हिरवी मादी सापडल्यावर दावा कोसळला असता. ती सापडली नाही. पिंजऱ्यातही अंडी घालणारे पक्षी लालच निघाले. १८९१ मध्ये साल्वादोरीने ब्रिटिश म्युझियमच्या पक्षी-सूचीचा पोपटांवरचा खंड लिहिला, तोवर हिरवा नर आणि लाल मादी हे मान्य झालेलं होतं.

मायरला डोक्यावर घेऊन नाचायच्या आधी एक गोष्ट मात्र सांगायला हवी. त्याच न्यू गिनीच्या सफरीत त्याने तिथल्या माणसांच्या शंभराहून जास्त कवट्याही गोळा केल्या आणि त्यांची मापं घेऊन लिहिलं. पक्ष्यांना चिठ्ठी लावणारा हात तोच होता. विज्ञानाच्या इतिहासात हे दोन्ही एकाच पेटीतून येतं. त्यातलं सोयीचं तेवढं उचलणं म्हणजे पुन्हा अर्धीच चिठ्ठी वाचणं.

उत्तर मिळालं, प्रश्न सुरू झाला

'हे दोघे एकाच जातीचे' हे कळलं तेव्हा पुढचा प्रश्न उभा राहिला, आणि तो जास्त अवघड होता: मग हे असे का?

१८७१ मध्ये डार्विनचं 'द डिसेंट ऑफ मॅन' आलं होतं. त्यात लैंगिक निवडीची मांडणी होती: माद्या निवड करतात, नर आपसांत झुंजतात, म्हणून नर भडक होतात. मादी भडक असण्याची उदाहरणंही डार्विनने दिली होती, त्यांतली काही भारतातलीच. रंगीत पाणलावा घ्या. यात मादी जास्त रंगीत असते, पण तिथे कामंही उलटी असतात. अंडी नर उबवतो, पिल्लं नर सांभाळतो. तेव्हा मादीने नरांसाठी झुंजावं आणि तिचा रंग भडक व्हावा, हे नियमाला धरूनच आहे. नियम आरशात बघितला इतकंच.

एक्लेक्टस या आरशातही बसत नाही. इथे अंडी उबवते ती लाल मादीच. पिल्लांपाशी राहते तीही तीच. कामं उलटी नाहीत, मग रंग उलटा का? आणि नर तरी मळकट कुठे आहे? दोघंही भडक, पण वेगवेगळ्या दिशांनी.

वॉलेसकडे याचा एक धागा होता. १८६८ मध्ये त्याने पक्ष्यांच्या घरट्यांवर एक निबंध लिहिला होता. त्याचं म्हणणं असं: घरटं उघड्यावर असेल तर त्यावर बसणारी मादी मळकट रंगाची असते, नाहीतर शिकारी तिला टिपतील. घरटं ढोलीत किंवा झाकलेलं असेल तर मादीला लपायची गरज नाही, म्हणून ती नरासारखी रंगीत राहू शकते. पोपट बहुधा ढोलीत घरटं करतात आणि वॉलेसने त्यांना याच दुसऱ्या यादीत घातलं होतं. हा निबंधही मायरने भाषांतर केलेल्या पुस्तकात आहे. म्हणजे मायरच्या टेबलावर दोन्ही गोष्टी होत्या, ढोलीही आणि लाल मादीही. पण ढोलीतलं घरटं मादीला रंगीत राहायची मुभा देतं, इतकंच त्यातून कळत होतं. ती लालभडक आणि तो हिरवा का, हे कळत नव्हतं. तेवढ्यासाठी आणखी सव्वाशेहून अधिक वर्षं जावी लागली.

विसाव्या शतकातला मोठा उत्क्रांती-अभ्यासक बिल हॅमिल्टन आपल्या व्याख्यानांत या पोपटांचं चित्र दाखवायचा म्हणतात. यातला एक लाल आणि एक हिरवा का हे कळलं की मी मरायला मोकळा, अशा अर्थाचं काहीतरी तो गमतीने म्हणायचा. २००० साली तो गेला. उत्तर आलं २००५ मध्ये.

झाडावर चढावं लागलं

रॉबर्ट हाइनसोन हा ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतला संशोधक. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला केप यॉर्क द्वीपकल्पावर आयर्न रेंज नावाचं वर्षावन आहे. तिथे त्याने आणि सहकाऱ्यांनी आठ वर्षं या पोपटांचा अभ्यास केला. एक्लेक्टसच्या ढोली उंचच उंच झाडांवर असतात, कधी वीस मीटरहून वर. दोर टाकून वर चढायचं, ढोलीत डोकवायचं, पिल्लं मोजायची, रक्ताचे थेंब घ्यायचे, आणि खाली बसून तासन् तास कोण येतं-जातं ते लिहायचं. संग्रहालयाच्या खणात जे कधीच येऊ शकत नाही, नेमकं ते.

त्यांना काय दिसलं? चांगल्या ढोली फार थोड्या. त्यामुळे ज्या मादीला ढोली मिळाली ती तिथून हलत नाही. वर्षातले अकरा महिन्यांपर्यंत ती ढोलीत किंवा ढोलीच्या तोंडाशी बसून राखण करते. ढोलीसाठी माद्या एकमेकींशी भांडतात, आणि ही भांडणं जिवावर बेतू शकतात. तिला खायला आणून घालतात ते नर. एक नाही, एका मादीला कधी पाच-पाच नर. आणि तेही काही एकनिष्ठ नसतात. डीएनए तपासल्यावर दिसलं, की एका मादीच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात आणि एका नराची पिल्लंही वेगवेगळ्या ढोलींत असू शकतात.

आता रंगांकडे बघा. मादीला तिचा लाल रंग म्हणजे दारावरची पाटी आहे. दूरवरूनच इतर माद्यांना कळतं: ही ढोली भरलेली आहे. आणि संकट आलं तर ती एका क्षणात आत. तिला लपायला रंग लागत नाही, घर आहे. नराचं तसं नाही. तो दिवसभर झाडाझाडांवर फळं शोधत हिंडतो, ससाणे आणि घारीच्या जातीचे शिकारी त्याच्यावर टपलेले. त्याला पानांत मिसळणारा हिरवाच हवा. पण त्यालाही माद्यांसमोर आणि इतर नरांसमोर उठून दिसायचंय. तर ही सोय अशी झालीय: त्याच्या पिसांतून अतिनील किरण परावर्तित होतात. पोपटांना अतिनील दिसतं, शिकारी पक्ष्यांना ते त्या मानाने फार कमी दिसतं. जॉन एंडलर या सहकाऱ्याच्या मदतीने त्यांनी पिसांचा, पानांचा, खोडाचा रंग मोजला आणि पोपटाच्या डोळ्याला व शिकाऱ्याच्या डोळ्याला तो कसा दिसेल याचं गणित मांडलं. पानांच्या पार्श्वभूमीवर नर शिकाऱ्यापासून झाकलेला राहतो, पण ढोलीच्या खोडासमोर आला की दुसऱ्या पोपटाला चमकून दिसतो.

म्हणजे दोघांवर दोन वेगळे दाब. तिच्यावर ढोलीचा, त्याच्यावर शिकाऱ्याचा. एकाच जातीतल्या दोघांची आयुष्यं इतकी वेगळी, की रंगही दोन वाटांनी गेले. वॉलेसची ढोली अखेर कामाला आली. फक्त ढोली मादीला रंगीत राहू देते एवढंच नाही, ढोली दुर्मीळ असेल तर तिला रंगीत व्हायलाच लावते.

आणि इथे मला जुनी चूक पुन्हा आठवते. ज्या जगण्यामुळे हे रंग वेगळे झाले, त्याच जगण्यामुळे ते ओळखणंही अवघड झालं असणार. ती ढोलीपाशी, तो मैलोन्‌मैल दूर फळांच्या झाडावर. एकत्र दिसले तर कधी एका लालभोवती चार-पाच हिरवे. जोडपं म्हणून कुणाच्या नजरेत भरणार?

माझे दोन डबे

आता हे सगळं मी का लिहितेय ते सांगते. माझं काम पोपटांवर नाही. मी मखमली मुंग्यांवर काम करते. नावात मुंगी असली तरी ही गांधीलमाशीच्या नात्यातली. मादीला पंख नसतात, ती जमिनीवर पळते, आणि तिचा डंख काय असतो ते विचारू नका. नराला पंख असतात, तो उडतो. दोघं शेजारी ठेवलीत तर कुणी त्यांना भाऊ-बहीणही म्हणणार नाही. जगभरात या गटातल्या कितीतरी जाती फक्त नरावरून किंवा फक्त मादीवरून माहीत आहेत. म्हणजे एक्लेक्टसचा प्रश्न माझ्या टेबलावर अजून १८७३ सालातच आहे.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी अभिमानाने माझ्या यादीत दोन वेगळ्या जाती लिहिल्या होत्या, क्रमांक ७ आणि क्रमांक १२. सात नंबरचे नमुने तंबूसारख्या जाळ्यात सापडलेले, बारा नंबरचे मी स्वतः पायवाटेवर वाकून चिमट्याने उचललेले. सहा महिन्यांनी डीएनए बारकोड आले आणि दोन्हींचा क्रम जुळला. जाळ्यात उडणारे नर, पायवाटेवर पळणाऱ्या माद्या. पकडायची पद्धतच त्यांना वेगळं करत होती आणि मी त्या फरकाला जात म्हणत होते. लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. माझ्या एक्सेल शीटमध्ये लिंगाचा रकाना होता, पण मी तो रिकामा ठेवला होता. "नंतर भरू" म्हणून. तो त्याच वेळी भरला असता, तर सात नंबरला एकही मादी नाही आणि बाराला एकही नर नाही, हे मला पहिल्याच महिन्यात दिसलं असतं. मायरने जे केलं ते करायला मला पैसे लागणार नव्हते, एक दुपार लागणार होती.

गाईड मॅडमना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "जात चुकली तर दुरुस्त होते गं. चिठ्ठी कोरी राहिली तर कोण दुरुस्त करणार?"

म्हणून संशोधनाची तयारी करणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच. विषय निवडताना मोठे प्रश्न जरूर घ्या, पण नमुना हातात आल्या दिवशी चिठ्ठी पूर्ण भरा. कुठे, कधी, नर की मादी, कशावर बसलेला, कुठल्या पद्धतीने पकडला. आज निरुपयोगी वाटणारा रकाना उद्या तुमचं किंवा दुसऱ्या कुणाचं कोडं सोडवू शकतो. आणि यादीत एखाद्या जातीचे फक्त नर किंवा फक्त माद्याच दिसल्या, तर 'योगायोग' म्हणून पुढे जाऊ नका. थांबा. शेजारचा डबा उघडून बघा.

जाता जाता एक. एक्लेक्टसच्या खणांची कहाणी अजून संपलेली नाही. अलीकडे पक्ष्यांच्या जागतिक याद्यांमध्ये या एका जातीच्या चार जाती केल्या आहेत: मोलुक्कन, पापुआन, सुंबा बेटावरची आणि तानिंबार बेटांवरची. पण या वेळी रेघ लाल आणि हिरव्याच्या मधून जात नाही, बेटाबेटांमधून जाते. पापुआन जातीला नाव कोणतं मिळालं? नियमाप्रमाणे जुनं असलेलं, स्कोपोलीचं १७८६ मधलं: पॉलिक्लोरोस. त्यामुळे न्यू गिनीतल्या ढोलीच्या तोंडाशी बसलेली ती लालभडक मादी आज शास्त्रीय नावाने 'पुष्कळ हिरवी' आहे. आता निदान तिच्या नवऱ्याचं आडनाव तरी तिला मिळालं, असं म्हणू या.